कोणी मागे राहू नका

१

एखाद्या जागेवरून उठून निघताना तुम्ही मागे वळून काय म्हणता?

बहुतेक जण काहीच म्हणत नाहीत. पिशवी उचलतात, चपला घालतात आणि चालू लागतात. आमच्या सासरी मात्र तसं चालायचं नाही. शेतात जेवायला बसलो असू, जत्रेला गेलो असू, नाहीतर एसटी स्टँडवर नुसती गाडीची वाट बघत बसलो असू, निघताना घरच्या बाईने मागे वळायचं आणि आपल्या एकेका माणसाला नावाने हाक मारायची. 'चल अमुक, घरी चल.' ते माणूस शेजारी उभं असलं तरी मारायची. कारण माणूस उठतं, पण त्याचा जीव कधीकधी तिथेच रमून बसतो. लहान मुलांचा तर हमखास. मग मूल घरी येऊन धड जेवत नाही, हसत नाही, नुसतं बघत राहतं. असं सासूबाई सांगायच्या.

मी पिंप्राळ्याची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. माझ्या माहेरी हे काही नव्हतं. पण ऐकायला बरं वाटायचं. आपलं नाव कोणीतरी आठवणीने घेतंय, आपण येईपर्यंत थांबलंय, यात वाईट काय?

सासूबाई घरात सगळ्यांत मोठ्या, त्यामुळे त्यांना सगळ्यांची नावं घेता यायची. त्या गेल्यावर हाक मारायचं काम माझ्याकडे आलं. माझी अडचण अशी, की मी यांचं नाव घेत नव्हते. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यामुळे मी मुलीला नावाने हाक मारायची आणि यांच्यासाठी हळूच म्हणायची, "भागूचे बाबा, तुम्हीपण."

पुढचं सगळं त्या एवढ्याशा अडचणीतून झालं.

२

अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना होता. यांची सावद्याची नोकरी सुटली होती. केळीच्या ज्या सोसायटीत हे होते ती बंद पडली, आणि कोणाच्या तरी ओळखीने तिकडे पार नवापूरला, गुजरातच्या हद्दीजवळ, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये जागा मिळाली. राहायला खोलीही मिळणार होती. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं, तेही सगळा संसार घेऊन.

मला नोकरीची काळजी नव्हती. काळजी होती ती भागूची. आमची एकुलती एक, सात वर्षांची. सासूबाईंचंच नाव तिला ठेवलं होतं, भागाबाई, पण सगळे भागू म्हणायचे. होळीच्या सुमारास तिला टायफॉइड झाला होता. त्यातून उठली, पण अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जपा. त्या दिवशी माझ्या मनात एकच होतं, हिला धडपणे नव्या घराच्या उंबऱ्याच्या आत घ्यायचं. बाकी सामान फुटो, राहो.

ट्रक झुलालभाऊंचा होता. ते धुळ्याकडचे. यांच्या सोसायटीची केळी वाहायचे, म्हणून ओळखीचे. नेहमी केळी भरतात तसंच त्यांनी ट्रकच्या तळाशी केळीच्या वाळलेल्या पत्तीचा जाड थर घातला होता. "वहिनी, केळं फुटत नही तठे तुमनी बरणी काय फुटी?" असं म्हणाले आणि खरंच लोणच्याची बरणी पत्तीत नीट बसवून दिली. कपाट, खाट, शिलाई मशीन, गव्हाची कोठी, सगळं पुढच्या बाजूला दोरांनी आवळलं. मागे फाळक्याजवळ, म्हणजे खाली उघडणाऱ्या मागच्या दाराशी, जागा उरली तिथे गादी टाकली.

सोबत यांच्या आत्या होत्या, नर्मदाआत्या. नवं घर लावून द्यायला येत होत्या. त्या, हे आणि भागू केबिनमध्ये बसणार होते, मी मागे गादीवर. पण भुसावळ यायच्या आत भागूला इंजिनाच्या वासाने उमळून आलं. मग तीही मागे माझ्याजवळ आली. वर ताडपत्रीची सावली, दोन्हीकडून वारा. तिला एकदम बरं वाटलं. एरंडोलला चहासाठी थांबलो तेव्हा तिने चक्क एक आख्खी जिलेबी खाल्ली.

निघताना मी मागे वळून हाका मारल्या. "भागू, चल. आत्याबाई, चला. अहो, तुम्हीपण."

झुलालभाऊ स्टेअरिंगवर बसले होते. त्यांनी मान बाहेर काढली. "वहिनी, माले नही बोलावं का? मी काय आठेच ऱ्हाऊ?"

हे हसले, टपरीवरची दोन माणसंही हसली. मला फार ओशाळल्यासारखं झालं. भर रस्त्यात हे काय आपण करतो, असं वाटलं.

३

धुळं मागे पडलं आणि साक्रीच्या वाटेला लागलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. एका ठिकाणी ट्रक वाफ सोडायला लागला. झुलालभाऊंनी रस्त्याच्या कडेला, एका मोठ्या निंबाखाली गाडी घेतली. इंजिन निवेपर्यंत जेवून घ्या म्हणाले, आणि हे व ते रिकामा डबा घेऊन पाणी शोधायला गेले.

गाव म्हणावं तर जवळपास नव्हतं. माळ होता, आणि रस्त्याकडेने दगडांच्या खडीचे जुने ढीग होते. त्यांच्यावर गवत उगवून वाळलं होतं. मी निंबाखाली चादर अंथरली, डबे सोडले. आत्याबाई दोन घास खाऊन परत केबिनमध्ये जाऊन आडव्या झाल्या.

मग माझ्या लक्षात आलं, की आम्ही चुलींमध्ये बसलो आहोत.

तीन दगड मांडून करतात तशा चुली. एक माझ्या पायाशी होती. एक झाडाच्या बुंध्याशी. मग नजर पुढे गेली तशा दिसतच गेल्या. सावली संपली तरी उन्हात, माळावर, रांगेने. दगड धुराने काळे झालेले, पण राख कुठेच नाही. मध्ये गवत. कोणी तरी खूप माणसांनी इथे खूप दिवस स्वयंपाक केला होता, आणि त्याला खूप वर्षं झाली होती. मला वाटलं, कामावरची माणसं असतील. रस्त्याची कामं निघतात तेव्हा अशी माणसं राहतातच. पण मग जाताना माणसं चुलीचे दगड पायाने पाडून जातात. या सगळ्या तशाच मांडलेल्या होत्या.

भागू एका चुलीपुढे बसून खेळत होती. चपटे खडे घेऊन भाकरी थापत होती.

"कोणासाठी गं एवढ्या?" मी विचारलं.

"भूक लागलीय ना," ती म्हणाली. खेळताना मुलं बोलतात तसंच म्हणाली. मी हसले.

हे आणि झुलालभाऊ पाणी घेऊन आले. पाणी भरलं, आणि झुलालभाऊंनी घाई लावली. त्यांच्या गाडीचा सेल्फ कमजोर होता. एकदा इंजिन सुरू झालं की बंद पडू द्यायचं नव्हतं. त्यांनी गाडी सुरू केली आणि हॉर्नवर हातच ठेवला. हे ओरडले, "अगं, चल लवकर!" मी डबे, चादर, तांब्या कवटाळून निघाले. भागूला पुढे घातलं. आणि तेवढ्यात आठवलं, हाक राहिली.

मी वळले. झुलालभाऊ माझ्याकडेच बघत होते, मिशीत हसत. आता याचं नाव घ्या, त्याचं घ्या, यांचं कसं घेऊ, झुलालभाऊंना वगळलं तर परत चेष्टा. मी एका दमात, त्या सगळ्या माळाकडे तोंड करून म्हणाले,

"चला, सगळे चला! कोणी मागे राहू नका."

काहीच झालं नाही. मी हे मुद्दाम सांगते. वारा सुटला नाही, पाखरू उडालं नाही. मी गादीवर चढले, भागूला वर घेतलं, यांनी फाळका लावला.

पण ट्रक निघताना जागचा हलला नाही. इंजिन गुरगुरलं, ट्रक थरथरला, आणि इंजिन बंद पडलं. मग यांनी आणि रस्त्याने जाणाऱ्या एका बैलगाडीवाल्याने धक्का मारून तो सुरू केला. बैलगाडीवाला घाम पुसत म्हणाला, "काय भरलंय एवढं?"

४

आधी आवाज आला. गादीच्या कडेने केळीची पत्ती मोकळी होती. ती वाजत होती. चालत्या ट्रकमध्ये ती वाजणारच, पण सकाळपासून ती एकसारखी सळसळत होती. आता ती थांबून थांबून वाजे. इथे चुरचुरली, मग तिथे. वाळक्या पत्तीवर माणूस जपून बसतं आणि मग पाय सारखे करतं, तेव्हा वाजते तशी.

मी स्वतःला म्हटलं, रस्ता खराब आहे.

भागू माझ्याकडे सरकली. थोड्या वेळाने अजून सरकली. मग मांडीशी चिकटून बसली.

"नीट बस ना गं. गादी मोकळी पडलीय."

"कुठे मोकळी आहे?" ती म्हणाली.

मी तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. उन्हाने मुलांना असं होतं, मी मनाशी म्हटलं. पण मग मलाही वाटायला लागलं. दाटी. वारा दोन्हीकडून येत होता, तो आता अंगाला लागेना. भरलेल्या एसटीत कोणी कोणाशी बोलत नसलं तरी माणसं आहेत हे डोळे मिटूनही कळतं, तसं. मी डोळे उघडून बघितलं. कपाट, खाट, मशीन, पत्ती. ताडपत्रीतून येणारी उन्हाची तिरीप.

साक्रीला झुलालभाऊंनी ट्रक थांबवला, खाली वाकून चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांकडे बघितलं, आणि बराच वेळ डोकं खाजवत उभे राहिले.

"गाडी काबर इतली जड लागी ऱ्हायनी? पाटा पार बसी ग्यात. केळी भरेल गाडी अशी बसस."

"सामान वाढलं का काय वाटेत?" हे हसून म्हणाले.

"सामान तर बठ्ठं तेच शे ना भाऊ," झुलालभाऊ म्हणाले. ते हसले नाहीत.

मी यांना म्हटलं, भागूला पुढे घ्या. का, ते सांगता येईना. यांनी घेतलं. पण गाव संपायच्या आतच तिला पुन्हा उलटी झाली आणि ती माझ्याकडे परत आली. आली ती गादीवर बसलीच नाही. उभी राहिली, इकडेतिकडे बघितलं, आणि मग अगदी कडेला, फाळक्याशी, पाय पोटाशी घेऊन बसली.

"भागू, तिथे नको. इकडे माझ्याजवळ ये."

"तिथे आजी बसलीय," ती म्हणाली. "तिचे पाय दुखतात."

 भागूची आजी तर कधीच गेलेली. मी म्हटलं, "कोणती आजी?"

भागूने शेजारचा तांब्या उचलला होता. ती तांब्यातून पाणी ओतत होती. माझ्या शेजारी, पत्तीवर. थोडंथोडं, धार लहान करून, ओंजळीत ओततात तसं. मी तांब्या हिसकून घेतला. मग ती जागा हाताने चाचपली.

पत्ती कोरडी होती. खालचं लाकूडही कोरडं होतं.

५

मी पुढे सामानाशी सरकले आणि ट्रकच्या लोखंडावर तांब्या आपटून केबिनला हाका मारल्या. पण दहिवेलच्या पुढे चढ लागतो, कोंडाईबारीचा घाट. इंजिनाचा आवाज इतका वाढला होता की माझा मलाच ऐकू येत नव्हता. झुलालभाऊंनी गाडी पहिल्यात टाकली होती. ट्रक माणसाच्या चालीने चढत होता. मागचा भाग खाली गेला होता, आणि सगळं वजन फाळक्याकडे आलं होतं.

मी गुडघ्यांवर रांगत भागूकडे निघाले. चार हातांचंच अंतर. पण मला पुढे जाता येईना. कोणी धरलं नव्हतं. जागाच नव्हती. गर्दीतून वाट काढताना खांदा आधी घालावा लागतो तसा मी घातला. माझ्या तोंडून निघालं, "सरका हो. माझी लेक आहे तिकडे."

आणि खरंच जरा वाट झाली. हे मी कोणाला सांगितलं तर हसतील, पण झाली.

तेवढ्यात कुठलासा खड्डा आला. ट्रक उसळला, आणि फाळक्याचा एका बाजूचा आकडा उडाला. फाळका तिरका होऊन खाली लटकला. गादी घसरली. गादीबरोबर भागू घसरली.

मी झेप घेतली. माझा हात तिच्या पायाला लागला आणि निसटला.

ती बाहेर गेली होती. कमरेपासून खाली पाय बाहेर होते आणि खालून काळा रस्ता मागे सरकत होता. आमच्यामागे एक दुसरा ट्रक चढत होता. ती पडायलाच हवी होती. हलकी होती, धरायला काही नव्हतं, हातही तिने कुठे धरले नव्हते.

ती पडली नाही. तिचा पिवळा फ्रॉक पाठीवर ताणला गेला होता. मी तो स्वतः शिवलेला. सुती कापड, पाठीला चुण्या. ते कापड पाठीवर ठिकठिकाणी वर उचललं गेलं होतं, टोकं टोकं होऊन. एक खांद्याशी. एक कमरेशी. दोन तिथेच जवळजवळ, लहान. मूठभरून कापड धरलं की होतं तसं. किती मुठी होत्या ते मी मोजलं नाही. सगळ्या आत ओढत होत्या.

मी तिचा दंड पकडला, मग काख, आणि तिला छातीशी घेऊन मागे सरकले. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून झुलालभाऊंना थांबवलं.

भागू रडली नाही. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. म्हणाली, "आई, त्यांना जागा करून देताना मी पडले. त्यांना नको रागावू."

६

घाट उतरल्यावर आत्याबाई मागे माझ्यापाशी येऊन बसल्या. यांनी फाळक्याला दोराचे वेढे दिले होते आणि भागूला पुढे नेलं होतं, उलटी झाली तर झाली म्हणून. यांचा चेहरा पांढरा पडला होता. फाळका यांनीच लावला होता ना.

आत्याबाई पत्तीवर बसल्या. हात टेकला, आणि झटकन उचलला. मग माझ्याकडे बघितलं.

"काय वं, त्या निंबाखालून निघताना तू हाक मारली व्हती का?"

"मारली होती."

"काय म्हनली?"

मी सांगितलं.

 त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "माय वं. नाव नाई घेतलं? कोनाचंच?"

"झुलालभाऊ हसत होते. आणि यांचं नाव..."

"नवऱ्याचं नाव घ्यायची लाज, अन बठ्ठ्या माळाले आवतन दिलं तू." त्या रागावल्या नव्हत्या. उलट आवाज अगदी बारीक झाला होता, शेजारी कोणी झोपलेलं असावं तसा. "किती दिवसांचे बसले असतीन ते, दुष्काळात खडी फोडायले आलेले. कोनी गाडी घिऊन येईन, कोनी चला म्हनीन. कोनीच म्हनलं नसीन."

"मग आता?"

"आता वाटेत नाई उतरवता येत. हाक मारली, आता घरापावेतो आनावंच लागतं. पन उंबरा आपला आहे. उंबऱ्यावर एकेकाचं नाव घे. नवऱ्याचंबी घे. अन 'या' नुसतं म्हनू नको. तोंडातून 'सगळे' हा शब्द काढू नको."

"आणि हे?"

"सकाळी झुलालची गाडी रिकामी जाईन ना परत, त्याच रस्त्यानं. तिच्यात बोलाव. चला म्हन. जिथून आनले तिथी उतरतीन."

"ऐकतील?"

"ज्याले कोनी बोलवत नाई तो पहिल्या हाकेले उठतो," आत्याबाई म्हणाल्या.

विसरवाडीपासून नवापूरपर्यंत आम्ही दोघी अंग चोरून बसलो होतो. कोणी सांगितलं नव्हतं. एकदा ट्रक वळला तेव्हा माझ्या गुडघ्यावर काहीतरी टेकलं आणि लगेच बाजूला झालं. चुकून पाय लागला की आपण पटकन ओढून घेतो आणि मनात नमस्कार करतो, तसं.

७

खोली कौलारू होती. पुढे ओटा, ओट्यापुढे मोकळं अंगण, तारेचं कुंपण. ऊन उतरलं होतं, पण अजून चांगला उजेड होता. यांनी आणि झुलालभाऊंनी सामान उतरवून आधी अंगणात ठेवलं. मी हंडा भरून आणला, उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, आणि आत जाऊन दारात उभी राहिले. अंगणाकडे तोंड करून.

अंगणात सामान होतं, आणि सामानाच्या मधल्या मोकळ्या जागा होत्या. त्या जागांकडे मला बघवेना.

"भागू," मी म्हणाले, "चल, घरी ये."

भागू आत आली. मी तिचा हात माझ्या हातात घट्ट धरला.

"नर्मदाआत्या, घरी या."

आत्याबाई आत आल्या.

मग मी यांच्याकडे बघितलं. हे खाटेचा खूर धरून उभे होते, घामाने भिजलेले. मागे झुलालभाऊ.  पंधरा वर्षांच्या संसारात जे झालं नव्हतं ते मी मोठ्याने केलं.

"देवचंद," मी म्हणाले. "घरी या."

यांच्या हातून खाटेचा खूर सुटला. झुलालभाऊ या वेळी हसले नाहीत, त्यांनी मान खाली घातली. हे आत आले, आणि आत येताना लहान मुलासारखे माझ्याकडे बघत आले.

झुलालभाऊ म्हणाले, "मी गाडीतच झोपस वहिनी, सवय शे." मी त्यांना तरीही नावाने हाक मारली, जेवायला बोलावलं. ते आले.

बाकी कोणी आलं नाही. उंबऱ्याच्या अलीकडे सगळं हलकं होतं, मोकळं. एका खोलीत आम्ही पाच माणसं, तरी मोकळं. आणि पलीकडे, अंगणात, ती दाटी. मला दारातून कळत होती. कोणी पुढे सरकत नव्हतं. सगळे थांबले होते. नाव घेईल म्हणून थांबले होते.

"आई," भागू म्हणाली, "त्यांची नावं नाही घेतली तू."

"मला माहीत नाहीत गं."

"कोणालाच माहीत नाहीत," ती म्हणाली.

दिवा लावायच्या आधी मी भरलेला हंडा ओट्यावर नेऊन ठेवला, आणि शेजारी तांब्या. आत्याबाईंनी बघितलं. मग आम्ही दार लावून घेतलं.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तेव्हा हंडा रिकामा होता. घासून, स्वच्छ विसळून, ओट्याच्या कडेला पालथा घातला होता. त्यावर तांब्या पालथा. पाहुणे जाताना ठेवतात तसं.

भागू उठली ती भूक लागली म्हणत उठली. कितीतरी दिवसांनी. तिला भाकरी दिली आणि तिचा पिवळा फ्रॉक घेऊन मी उजेडात बसले. पाठीवरची शिवण ठिकठिकाणी उसवली होती. कापडावर चुरगळल्याच्या खुणा होत्या, त्या हात फिरवून जाईनात. दोन खुणा अगदी शेजारी होत्या. तेवढ्या मुठी भागूच्यापेक्षाही लहान असतील.

झुलालभाऊंनी फाळका उघडा ठेवला होता. आतली पत्ती झाडून सारखी केली होती. यांनी धक्का द्यायला सदरा काढून ठेवला. आत्याबाईंनी मला कोपराने ढोसलं.

"बोलाव आता. गाडी निघतीय."

मी अंगणात जाऊन उभी राहिले. डाव्या उजव्या बाजूला, अगदी जवळ, सगळे उठून उभे राहिल्यासारखं वाटलं. मी काही म्हणायची वाट बघत. मी म्हटलं असतं तर ते चढले असते. त्या निंबाखाली उतरलेही असते, आपापल्या चुलीपाशी. माझ्या हातात तो फ्रॉक होता.

"झुलालभाऊ," मी म्हणाले, "सांभाळून जा."

दुसरं काही मी बोलले नाही.

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. यांनी एकट्याने धक्का दिला, आणि एवढ्याशा धक्क्याने गाडी सुरू झाली. रिकामा ट्रक फाळका खडखडवत, प्रत्येक खड्ड्यात उसळत, अगदी हलका होऊन धुळ्याच्या रस्त्याला लागला.